सुमनताईंचा विक्रम

अमरावती, रविवार संध्याकाळ

केतकी घरी आल्यापासून माझ्याशीही बोलत नाहीये. आज अकोल्याच्या मैदानावर तिनं हर्डल्समधला विभागाचा विक्रम मोडला होता. तो विक्रम तिच्या आत्याचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. हर्डल्सची शर्यत तिला शिकवली तीही या सुमनताईंनीच.

मी टाळ्या वाजवत होते आणि ताई मात्र तडक पंचांकडे निघाल्या. लहान मुलींच्या शर्यतीनंतर केतकीच्या लेनमधलं शेवटचं हर्डल वर करायचं राहून गेलं होतं. इतरांचं बरोबर होतं, तिचंच ठेंगणं. वेळ रद्द झाली. पोरगी दमलेल्या पायांनी पुन्हा धावली, पहिलीही आली, पण विक्रम ताईंचाच राहिला.

मागून कुणीतरी म्हणालं, "सोताचा रेकॉर्ड वाचवून राह्यली बाई!" ताईंना ऐकू गेलं. त्या वळल्या नाहीत.

ते शेवटचं हर्डल मला दिसलं असतं, तर? मी गप्प बसले असते. नक्कीच. आणि मग रोज तिच्या डोळ्याला डोळा कसा दिला असता?

परतताना ताई बडनेऱ्याला उतरल्या आणि खिडकीशी आल्या. "रुसली त रुस. पण उद्या सकायी ग्राउंडवर ये."

"येईन. तुहा रेकॉर्ड मोडाले येईन."

"मंग? मी काय तुले हळदीकुंकवाले बलावून राह्यली?"

केतकी हसली नाही. तोंड फिरवूनच बसली, पण हात तेवढा गजांतून बाहेर काढला. गाडी हलेपर्यंत ताईंनी तो सोडला नाही.