तापाची तारीख

आई, तू गेल्याला बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं कधी वाटलं नाही, पण परवा शाळेत जे झालं त्यानंतर राहवेना. खांदा कॉलनीतल्या शाळेत माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. सध्या फ्लूची साथ आहे, म्हणून रोज प्रार्थनेनंतर मी मुलांना शिकवते, खोकताना कोपर तोंडापुढे कसं धरायचं, साबण बोटांच्या बेचक्यांत कसा फिरवायचा. मुलं हसतात. बायका तुला हसायच्या तशीच.

स्वाइन फ्लू आला त्या वर्षीची तू मला दिसतेस. आरोग्य उपकेंद्राची नर्स, बॅग खांद्याला, तोंडावर मास्क, उरणच्या बाजूच्या गावांत दारोदार फिरतेयस. अंगणात मासळी साफ करत बसलेल्या बाईला सांगतेस, "ताप हाय ना तुला? मग घरी बस. बाजारात जाव नको." ती म्हणते, "सिस्टर, गोळी घेतली, उतरला ताप." तू तिथेच उकिडवी बसतेस. "गोळीनं उतरलेला ताप उतरला नाय म्हणायचा. गोळी न घेता एक दिवस अंग थंड राहिलं पायजे, मग बाहेर पड." मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत तुझ्याबरोबर यायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की तू तोंड उघडायच्या आत मी ते मनात म्हणून टाकायचे.

मावशीकडे हळद होती त्या दिवशी सकाळी मला कणकण होती. तू साथीच्या कामाला पहाटेच गेली होतीस. मी तुझ्याच डब्यातली गोळी घेतली, तासाभराने घाम आला, बरं वाटलं, आणि मी पिवळी साडी नेसून निघाले. मावशीची मुलगी, माझी ताई, तेव्हा सात महिन्यांची गरोदर. भावाची हळद म्हणून सासरहून आली होती. तू तिला गर्दीत येऊ नको म्हणून बजावलं होतंस, म्हणून ती बिचारी आतल्या खोलीत बसून होती. मीच तिच्याकडे गेले. एका ताटात जेवलो. तिच्या पोटावर कान ठेवून मी बाळाशी बोलले. दोनदा खोकला आला, तेव्हा ती म्हणाली, "नाचून नाचून घसा बसला तुझा." मी हो म्हटलं.

पुढचे दोन दिवस मी गोळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी उठवेना, तेव्हा तू माझ्या कपाळाला हात लावलास आणि तो हात तसाच बाजूला धरून मोरीत जाऊन धुतलास. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसलीस, तोंडावर मास्क बांधून.

"बाय, ताप कधीपासून?"

"आज सकाळपासून."

तू पेन टेकवलं नाहीस. "नीट आठव. तारीख लिहायची हाय."

"आजच, आई."

"आणि काल कोणाला भेटलीस?"

"कोणाला नाय."

तू तारीख लिहिलीस. मला माहीत होतं ती कशासाठी असते. ताप यायच्या आदल्या दिवसापासून जी माणसं भेटली त्यांच्याकडे तुम्ही जायचात, त्यांत कोणी गरोदर असेल तर तिला डॉक्टरांकडे आधी न्यायचात. मी सांगितलेल्या तारखेमुळे हळदीचा दिवस त्या हिशेबात आलाच नाही. मला वाटलं, तू ओरडशील. एवढंच वाटलं. ताईचा विचार माझ्या मनात आला नाही, हे आज लिहितानाही खरं वाटत नाही.

ताईचा ताप घरच्यांनी साधा सर्दीताप म्हणून अंगावर काढला. पनवेलच्या दवाखान्यात नेली तेव्हा तिला धाप लागली होती. ती वाचली. बाळ अवेळी झालं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. तिला ताप यायच्या आधी त्याच आठवड्यात तू तिला तपासायला गेली होतीस, म्हणून गाव म्हणालं, सिस्टरनेच दवाखान्यातून ताप आणला. मावशीने तुला दारात अडवलं. मी तुझ्या मागे उभी होते. "सख्खी बहीण असून तू आमचं घर बुडवलंस, परत येव नको." चप्पल घातलीस, पुढच्या घरी गेलीस आणि तिथल्या म्हातारीला विचारलंस, "ताप हाय का घरात कोणाला?"

हळदीत शंभर माणसं होती, ताप कोणाकडूनही आला असेल. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलंय. पण खरी तारीख सांगितली असती तर ताईला औषध वेळेत मिळालं असतं. तुला कळलं होतं का, आई? डब्यातल्या गोळ्या कमी झाल्या होत्या. तुझ्या नजरेतून एवढं सुटलं असेल असं मला वाटत नाही. मग मावशीचं ऐकून घेताना तू मागे वळून माझ्याकडे का पाहिलं नाहीस?

परवा वर्गातल्या एका मुलीचे गाल लाल दिसले. म्हणाली, "मम्मीने औषध दिलंय, मी बरी आहे." तिच्या आईला ऑफिसमधून बोलावलं. "मॅडम, आजच सकाळी थोडा होता," ती म्हणाली. शेजारच्या वर्गाच्या बाई सहा महिन्यांच्या गरोदर आहेत, आदल्याच दिवशी त्यांनी माझा वर्ग सांभाळला होता. मला त्या आईचा राग आला. मग मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. म्हटलं, "मी रागावणार नाही. खरी तारीख सांगा." ती पर्सची चेन मागेपुढे करत म्हणाली, "परवापासून. रजा मिळत नव्हती हो." त्या गरोदर बाईंना मी लगेच त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. औषध सुरू झालंय, अजून ताप नाही. रोज सकाळी फोन करून विचारते.

ताई आता उरणला असते. तिला पुढे दोन मुली झाल्या. दर रविवारी ती मला फोन करते आणि अजूनही कधीतरी तुझ्याबद्दल म्हणते, "मावशीचा राग गेला गं माझा, तिने काय मुद्दाम केलं होतं का." मी तिच्या मुलींचं विचारते. हे पत्र खरं तर तिलाच लिहायला बसले होते. पहिल्या पानावर तिचंच नाव घातलं होतं. चार ओळी झाल्या, ते पान फाडलं आणि मग तुला लिहायला घेतलं, कारण तू आता काही विचारणार नाहीस.