सोप्यातलं चित्र

३ नोव्हेंबर, विटा

सकाळच्या एसटीने म्हसवडहून आलो. नवी वही, नवी नोकरी आणि राहायला अंगणातली स्वतंत्र खोली! सयाजीदादांचं सोनं गाळायचं दुकान कोईमतूरला आहे. इथे त्यांच्या आई, राहीबाई, एकट्याच असतात. त्यांच्याकडे लक्ष द्यायचं आणि घराच्या पुढच्या पडवीत, सोप्यात, कॅमेरा बसवायचा, म्हणजे दादांना तिकडून आई दिसेल. राहीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लय वाळलायस रं कपिल. आदी जेव, मग तुजी यंत्रं काड."

आयटीआय पूर्ण केल्याचं मी दादांना सांगितलंय. गेलो चारच महिने. इथे तरी खरं लिहितो.

५ नोव्हेंबर

बोर्ड काडेपेटीएवढा, भिंग मुगाच्या दाण्याएवढं. शून्य नंबरची पिन वायरने ग्राउंडला जोडायची, प्रोग्रॅम भरायचा, मग वायर काढून रीसेट दाबायचं. वायर काढायला तीनदा विसरलो. चौथ्यांदा चित्र आलं!

राहीबाई सोपा झाडत होत्या. त्या केर टाकत नाहीत, डब्यात भरून ठेवतात. दुकानात केरातूनही सोन्याचे कण निघायचे, त्याची चाळीस वर्षांची सवय. मोबाइलवर स्वतःला बघून म्हणाल्या, "ह्या म्हातारीला कंबर सरळ करायला सांग की."

९ नोव्हेंबर

बोर्ड तापतो आणि दर दहा मिनिटांनी बंद पडतो. अ‍ॅडॅप्टर कमी पडत असावा. दादांचा फोन आला. चित्र का जातंय, तू नक्की शिकलायस ना, असं विचारलं. परवा राहीबाई झाडताना आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं. तेच लॅपटॉपवरून पुन्हा पुन्हा फिरवत ठेवलं. दादा खूश. "आई ठणठणीत हाय गड्या!"

नवा अ‍ॅडॅप्टर आणेपर्यंतच.

१२ नोव्हेंबर

सकाळीच अ‍ॅडॅप्टर आणायला कराडला गेलो. परत आलो तर राहीबाई सोप्यात पडलेल्या, शेजारी केरसुणी. सगळं संपलं होतं. सकाळचा चहा कपात तसाच, साय धरलेला. म्हणजे पडून कितीतरी तास झाले होते.

दादा फोनवर रडत होते. "आत्ता तर झाडत हुती रं!"

मी म्हणालो, हो दादा, आत्ताच.

२६ नोव्हेंबर

तेरावं उरकून दादा काल गेले. जाताना मला मिठी मारली. तुझ्यामुळं आई शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहिली, म्हणाले. मला वर बघवेना. कॅमेरा चालू ठेव, रिकामा सोपा तरी दिसू दे, असं सांगून गेले. रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तीनदा तपासलं.

२७ नोव्हेंबर

दादांचा फोन. जुनं काही लावलंयस का, आई दिसतीया. मी बघितलं. राहीबाई झाडत होत्या. सोप्यात कोणीच नव्हतं. बोर्डाची वायर उपटली. चित्र चालूच.

सोपा झाडलेला होता. डब्यात ताजा केर.

२८ नोव्हेंबर, सकाळी नऊ

चित्रात केरसुणी हातातून सुटली. मग त्या पडल्या. हे मी रेकॉर्ड केलेलं नाही. हे कुणीच बघितलेलं —

दहा

ओठ हलताहेत. हा बोर्ड आवाज पाठवत नाही. तरी कळतं, माझं नाव आहे.

दादांचा फोन. उचलला नाही. त्यांनाही हेच दिसत असणार.

बारा

लॅपटॉप बंद केला. आता मोबाइलवर —

एक

बारा तारखेला मी खोटं लिहिलं. संपलेलं नव्हतं. मी दुपारी सव्वा वाजता आलो तेव्हा राहीबाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी हात उचलला. मी आधी लॅपटॉपकडे गेलो. रेकॉर्डिंग थांबवलं, अ‍ॅडॅप्टर लावला, प्रोग्रॅम पुन्हा भरला. अर्धा तास. त्या दिवशी वायर काढायला एकदाही विसरलो नाही. मग शेजारच्या हरणाबाईंना हाक मारली. तोवर खरंच संपलं होतं.

सव्वा

चित्रात दार उघडलं. चपला माझ्या. फोन वाजतोय. उचलतो, मीच सांगतो, दादांनी बघायच्या आत — चित्रातला मी राहीबाईंना ओलांडून — दादा, बघू नका, मी