गच्चीवरचा टॉवर

परतूर,
८ एप्रिल २०२५

तीर्थरूप अक्कास,
धाकटा भाऊ बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत न्हाई, अन् ओरडून सांगावं तर गल्ली ऐकते, म्हणून पत्र. बातमी सध्या गुपित आहे. आपल्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर येणार! कंपनीनं उपग्रहातून पाहून आपलंच घर निवडलं. भाडं माझ्या पेन्शनीहून जास्त. भाटिया नावाचे साहेब रोज फोन करतात, 'हेडमास्टरजी' म्हणतात. रिटायर झाल्यापासून इतक्या अदबीनं कुणी बोललं न्हाई. घरात तर न्हाईच.

नोंदणीचे पंधरा हजार भरून टाकले. टॉवरसाठी जागा मोकळी हवी म्हणून तुझ्या भावजयीच्या, साधनाच्या वाळत घातलेल्या कुरडया खाली आणल्या, त्यातल्या निम्म्या मोडल्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत न्हाई. पिंपळगावलाही एक टॉवर द्यायचा आहे म्हणे. मी दाजींचा नंबर साहेबांना दिलाय. बहिणीचंही भलं व्हावं.

माया राहू दे. कंपनीवाला झालो तरी तुझाच,
बद्रीनाथ

पिंपळगाव रेणुकाई,
१५ एप्रिल २०२५

चि. बद्रीनाथ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे दाजी टॉवरपायी पार बदलून गेलेत. रोज सकाळी खळं मोजून राह्यले. त्यांना नोंदणी पन्नास हजार सांगितली, खळं गच्चीपेक्षा मोठं म्हणून! घरात एवढा पैसा न्हाई, तर आमच्या बचत गटातून कर्ज मागून राह्यले. गटाची अध्यक्ष मीच. सोमवारी बैठक आहे. बायकांनी भाजी विकून, शिवणकाम करून जमवलेला पैसा. अन् मागणारा माझाच नवरा. हो म्हणावं तर जीव धजत न्हाई, न्हाई म्हणावं तर घरात महाभारत.

एक मात्र मला कळंना. आपल्या मागच्या खोलीतला भाडेकरू आपल्याला पैसे देतो. हा कसला भाडेकरू, जो मालकाकडूनच आधी पैसे घेतो? साहेबाला विचारून जल्दी कळव. साधनाला सांग, मोडक्या कुरडयाही चालतील, पाठवून दे.

तुझी,
अक्का

परतूर,
२० एप्रिल २०२५

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न काल साहेबाला विचारला. त्याची अदब तिथंच संपली. आज पाचच्या आत टॅक्सचे चाळीस हजार भरा, न्हाईतर टॉवर शेजाऱ्याला देतो म्हणाला. अन् अक्का, एवढं ऐकूनही मी चप्पल घालून बँकेकडं निघालो होतो! शेजाऱ्याच्या गच्चीवर टॉवर, ही कल्पनाच सहन होईना. साधनानं दारात अडवलं अन् कंपनीनं पाठवलेला उपग्रहाचा फोटो बघायला मागितला. या घराभोवती नारळाची झाडं आहेत, म्हणाली. ती मलाही दिसली होती. मला वाटलं, एवढ्या उंचावरून आपला लिंब नारळासारखा दिसत असेल. जन्मभर पोरांना शिकवलं, आधी नीट बघा, मग लिहा.

सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार केली, पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. पैसे परत मिळतीलच असं न्हाई म्हणाले. तक्रार लिहून घेणारा जमादार माझाच विद्यार्थी. त्यानं उठून खुर्ची दिली, तेव्हा जास्तच लाज वाटली.

दाजींना फोन केला. ते म्हणाले, साहेबांनी आधीच बजावलंय की नातेवाईक जळतील. अन् फोन ठेवला. म्हणून हे पत्र माझ्या लेकीच्या, पायलच्या हाती पाठवतोय. उद्या बैठकीत मोठ्यानं वाच. माझं नाव, शाळा, नारळ, काही गाळू नको. जो गोड बोलतो, गुपित ठेवा म्हणतो, घाई करतो अन् देण्याआधी मागतो, तो ठगच. शरम वाटते, पण गटाचा पैसा बुडाला तर तुला तोंड दाखवता येणार न्हाई.

रागावलीस तरी माया आटू देऊ नको.
तुझा,
बद्रीनाथ

पिंपळगाव रेणुकाई,
२४ एप्रिल २०२५

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

पायल वेळेवर पोचली. पत्र बराबर वाचलं, काही गाळलं न्हाई. नारळापाशी गटातली बेबीनंदा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तुझे दाजी भिंतीला टेकून ऐकत होते, मधूनच उठून गेले. कर्जाचा अर्ज त्यांनीच फाडला. दोन दिवस अबोला धरला, मंग चहा मागितला. म्हणजे मिटलं.

बैठक संपली तरी झुंबरबाई जागची हलली न्हाई. तिचा पोरगा संपत जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहे. मोबाइलवरच्या घरबसल्या कमाईत त्याचे साठवलेले पैसे गेल्ते. कामावर जाणं, जेवणं सोडून तो दार लावून पडला होता, अन् लोक हसतील म्हणून आईला शपथ घातली होती. तिनं तुझं पत्र मागून नेलं.

सांजच्याला संपत स्वतःच ते परत द्यायला आला. हेडमास्तरही फसतात का, असं विचारत होता. मी म्हणलं, आमचा तर फसला, अन् गावासमोर सांगून मोकळाही झाला. तो ओट्यावर टेकला. मंग तिथूनच तक्रारीचा नंबर लावला, सगळं सांगितलं, अन् मी न विचारताच म्हणाला की मावशी, भूक लागली.

तुझी अक्का,
नंदाबाई