दोर ज्याच्या हातात, त्याने सोडावा

मी, आलोशियस सांतान तुस्कानो, वय सत्त्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकं ठिकाणावर आहे. मन मात्र दिनानाथ चुरीमुळे बरीच वर्षं ठिकाणावर नाही, पण त्याने कायद्याला बाधा येत नाही.

१. राहतं घर, त्यातली भांडीकुंडी आणि माझी नागरिकशास्त्राची पुस्तकं मुलगी ॲनिशा हिला द्यावीत. पुस्तकं ती रद्दीत घालणार, हे मला माहीत आहे. निदान वर्षश्राद्धाला चर्चमध्ये मिस्सा होईपर्यंत तरी थांबावं.

२. सदर दिनानाथ चुरी हा माझ्याच शाळेत इतिहास शिकवत असे. त्याला मी या मृत्युपत्राचा साक्षीदार नेमलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा कायदा आहे, आणि त्याला काही मिळू नये, हाच माझा हेतू आहे. माझं पुष्कळ काही त्याला आधीच मिळालेलं आहे.

३. कारण नमूद करतो. २०१८ च्या डिसेंबरात चर्चच्या हॉलमध्ये आमचा वादविवाद झाला. विषय असा, की फाशीची शिक्षा रद्द करायची तर ती कुणी करावी, संसदेने की मतदारांनी? मी संसदेच्या बाजूने उभा होतो. तीन महिने टिपणं काढली होती. रागावलेल्या गर्दीला विचाराल तर ती फास आणखी आवळील. म्हणून ज्यांच्या हातात दोर आहे, त्यांनी लोकांचा रोष पत्करून तो सोडावा, असं मी सांगितलं. दिनानाथ हात हलवत आला होता. तो म्हणाला, फास आपल्या नावाने आवळतात, तर आपल्याला एकदा तरी विचारा. नाही विचारलं तर आपण जन्मभर न्यायाधीशाच्या मागे लपून राहू.

शेवटी हात वर करून कौल घेतला. त्याला एकसष्ट, मला एकोणीस. एकसष्टांत एक हात माझ्या बायकोचा, ग्रेसीचा होता. मुद्दे माझेच बरोबर होते, हे मी आजही लिहून देतो. घरी आल्यावर मी जाब विचारला. ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. पन त्यांनी आम्हाला विचारलं."

त्यानंतर दोन महिन्यांनी माझा मुलगा ॲल्रॉय याने आमच्या केळीच्या बागेचा पश्चिमेचा पट्टा मला न सांगता बिल्डरला विकला. पट्टा त्याच्याच नावावर होता, मान्य. मी निकाल दिला, की या घरात त्याचं नाव निघणार नाही. ग्रेसी म्हणाली, घरातल्या सगळ्यांचं मत घ्या. मी म्हणालो, न्याय हात वर करून होत नसतो. ती वारली तेव्हा ॲल्रॉय दफनभूमीत सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याच्या खांद्यावर हात होता तो दिनानाथचा.

ॲल्रॉय आता वसईतच, एव्हरशाईन सिटीत राहतो. दर रविवारी दिनानाथ स्कूटरवर केळी बांधून त्याच्याकडे जातो. माझी नात एलिसा त्याला आजोबा म्हणते. केळीसुद्धा त्याच्या बागेतली, माझ्या केळ्यांपेक्षा बारीक. मला हे सहन होत नाही. कधीच झालेलं नाही.

४. बागेचा उरलेला पूर्वेचा भाग, विहीर आणि घड उतरवायचा माझा कोयता ॲल्रॉयला द्यावा. त्याच्यावरची शिक्षा मी रद्द करत आहे. यासाठी कुणाचं मत घेतलेलं नाही. दोर हातात असलेल्याने एकट्याने हिंमत दाखवावी, असं मी भर सभेत बोललो. आणि घरात मात्र कुणीतरी हात वर करील म्हणून सहा वर्षं वाट बघत बसलो. माझी मला लाज वाटते.

५. (हे कलम सहीच्या वेळी हाताने वाढवलं आहे.) दिनानाथने चौथं कलम वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, "आलोशियस, हे तू गेल्यावर लागू होणार. तोवर पोराने काय करायचं?" मी ॲल्रॉयला फोन लावला. नंबर दिनानाथला तोंडपाठ होता, मला नव्हता. ॲल्रॉय म्हणाला, "पप्पा, एलिसाला घेऊन येऊ?"

ते दोघं येईपर्यंत सह्या थांबवल्या होत्या. दारात येताच एलिसा आधी दिनानाथकडे धावली. मग त्याने तिला बोट धरून माझ्यापाशी आणलं. दुसरं कलम तरीही कायम ठेवावं.

ठिकाण: निर्मळ
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी पाच

सही: आलोशियस सांतान तुस्कानो

आमच्यासमोर सही झाली. साक्षीदार:
१. दिनानाथ चुरी (काही मिळालं नाही, तक्रार नाही)
२. थेरेसा लोपीस, शेजारीण