मावशी ज्याला बिचारा म्हणते

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार. (मान आखडल्यामुळे एक अंग बाकी आहे, ते भेटीत पुरं करीन.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचं घोरणं शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडलं का? इकडे सगळं मजेत. म्हणजे बायको मजेत आहे, आणि मी, तिच्या मते, घरात असून नसल्यासारखा.

निमित्त असं, की आमच्या इन्स्पेक्टरच्या मालिकेचे सर्वांत उत्तम भाग वाहिनी पुन्हा दाखवणार आहे आणि ते मीच निवडायचेत. शिवाय या पर्वाचा शेवटचा भाग द्यायचाय. तो जमला तर पुढचं पर्व, नाहीतर इन्स्पेक्टर आणि मी दोघंही घरी बसणार. भाग लिहून होत आलाय, फक्त खुनी कोण ते मला माहीत नाही.

हसू नकोस, मला ते कधीच माहीत नसतं! मी फोनवर तुला गोष्ट सांगतो ती उगाच नव्हे. तू ज्याच्यावर संशय घेशील तो निर्दोष, आणि ज्याला 'बिचारा' म्हणशील त्याच्या हातात बेड्या, अशी माझी साधी पद्धत आहे. तळ्यातल्या प्रेताच्या भागात तू त्या खडूस मॅनेजरवर तोंडसुख घेतलंस आणि डॉक्टर बिचारा जेवायलाही थांबत नाही म्हणालीस. झालं, डॉक्टर आत. पुस्तकांना इतक्या मायेनं कव्हरं घालणारा ग्रंथपाल मुंगीसुद्धा मारणार नाही असं तू छातीठोकपणे सांगितलंस, आणि त्यानं दोघांना विष घातलं. प्रेक्षक चाट पडले! (एकदाच मी स्वतःच्या अकलेनं खुनी निवडला. लोकांनी तो पहिल्या जाहिरातीआधी ओळखला.) तेव्हा उत्तम भाग हेच. फक्त तो मॅनेजर झालेला नट माझ्यावर रुसलाय. दर भागात नवी भूमिका, दर वेळी संशय त्याच्यावर, पण खून एकदाही वाट्याला नाही.

वाहिनीच्या बाईंनी मला नव्या लेखकांपुढे उभं केलं आणि खुनी कसा शोधता ते सांगा म्हणाल्या. मी 'सखोल अभ्यास' असं काहीतरी पुटपुटलो, तर सगळ्यांनी ते माना खाली घालून लिहून घेतलं. मला इतकं ओशाळवाणं वाटलं म्हणून सांगू! पण चहा चांगला होता.

काकांना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
भाचा

ता. क. : खरं काम राहिलंच. शेवटच्या भागाची गोष्ट सोबत जोडली आहे. बंगल्यातली म्हातारी, तिचा वकील, नर्स आणि पुतण्या. वाच आणि कोण बिचारं वाटतं ते लगेच कळव.

ता. ता. क. : पाकीट चिकटवणार, तेवढ्यात काकांचा फोन. तुला माझी पद्धत ग्रंथपालाच्या वेळीच कळली म्हणे! ज्याला आत टाकायचं त्याचं कौतुक करायचं, पोरगं बरोब्बर तसंच लिहितं, असं तू शेजारणीला सांगतेस? म्हणजे उत्तम भाग तुझेच की गं. असू दे, मला आनंदच आहे.

आणखी एक : आत्ता घाम फुटला. परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, तो इन्स्पेक्टर काय देवमाणूस आहे रे, बिचारा! काका सांगतात, ही मालिका संपल्याशिवाय पोरगं काही आपल्याकडे यायचं नाही, असं तुझं मत झालंय. मावशी, मी रविवारी येतो. चांगला आठवडाभर राहतो. पण त्या इन्स्पेक्टरला एक तरी शिवी घाल.