डबा खाल्ल्यावर दुसरी बाजू

बाई, तुम्ही दिलेली वही आज कपाटातून काढली. डाव्या पानांवर 'नको' आणि उजव्या पानांवर 'जावं' असं तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेली, जाड पुठ्ठ्याची. डावी पानं मी नववीतच भरून टाकली होती, उजवी तशीच कोरी राहिली. हे पत्र मी त्या कोऱ्या पानांवर लिहितेय, म्हणजे वहीचा नियम पुन्हा मोडतेच आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा रागवायला तुम्ही नाही, एवढंच काय ते बरं.

मी महागावला एका शाळेत विज्ञान शिकवते, हे तुम्हाला माहीत होतं. माझी मुलगी आता दहावीत आहे, हे माहीत नसणार. तिची पुण्याच्या एका निवासी विज्ञान विद्यालयात निवड झाली आहे. दोन वर्षं तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं. पालकांचं संमतीपत्र उद्या पाठवायचं आहे, आणि ते या वहीखाली ठेवलेलं आहे, सहीविना. यांना विचारलं तर म्हणतात, "तू म्हणशील तसं." ढाणकीला बाबांना फोन केला, वाटलं ते तरी नाही म्हणतील, जुनी खोड आहे त्यांची. तर म्हणाले, "पाठव न पोरीले. मले कायले विचारतं?" म्हणजे आता दारात मी एकटीच उभी आहे. मला अडवणारे सगळे बाजूला झाले आणि अडवायचं काम माझ्याकडे आलं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल का? उमरखेडची तालुका स्पर्धा, फेब्रुवारीतली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अंतराळातून परतीच्या वाटेवर ते यान जळालं होतं आणि आपल्या देशात जन्मलेली ती अंतराळवीर त्यात होती. आठवडाभर ढाणकीत पानठेल्यावरसुद्धा तेच बोलणं. तुम्ही विषय ठेवला, 'माणसाने अंतराळात जावे का?' आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या. माझ्या चिठ्ठीवर 'नको' आलं. तुमची पद्धत साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होती आणि थोडी चेष्टेचीही होती: सकाळी चिठ्ठीवरची बाजू मांडायची, आणि डबा खाल्ल्यावर त्याच पोरांनी उलटी बाजू मांडायची. बक्षीस मात्र सकाळीच वाटून मोकळ्या व्हायच्या तुम्ही. कुणीतरी विचारलं होतं, असं काहून? तर म्हणालात, "दुपारी जो थांबते तो बक्षिसासाठी नाही थांबत, म्हणून."

सकाळी मी बोलले. आत्ताही ते सगळं पाठ आहे, डावी पानं उघडायचीही गरज नाही. यंत्राला हवा लागत नाही, पाणी लागत नाही, झोप लागत नाही. यंत्र परत आलं नाही तरी कुणाचं घर उजाड होत नाही. माणसाला मात्र परत आणावं लागतं, आणि निम्मा खटाटोप त्या परत आणण्याचाच असतो. वर राहून हाडं ठिसूळ होतात, पाय जमीन विसरतात. जे यंत्र पाहून सांगू शकतं ते पाहायला जिवंत माणूस कशाला? आणि शेवटी ते वाक्य, जे मी स्वतः रचलं होतं आणि ज्याचा मला अजून थोडा गर्व आहे, खोटं कशाला बोलू: ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो त्या गावच्या माणसानं चंद्रावर पाणी शोधायला जाऊ नये, आधी आपलं घर सांभाळावं. काय टाळ्या पडल्या, बाई! बाबा मागच्या रांगेत बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी ते असे उभे राहिलेले मी आधी कधी पाहिले नव्हते. पहिली आले. तुम्ही कप दिलात आणि कपासोबत ही वही दिलीत. म्हणालात, "डावीकडचं त आलं तुले. जेवून घे, मग उजवीकडचं पाहू."

दुपारी मी थांबले नाही. आमची एसटी होती, बाबांना कापसाच्या कामाला परत जायचं होतं, असं मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुम्ही फळा पुसत राहिलात.

त्यानंतरचं आमच्या ओट्यावरचं. दहावीचा निकाल लागला आणि तुम्ही घरी आलात, नागपूरच्या कॉलेजचा आणि वसतिगृहाचा फॉर्म घेऊन. आमच्या घरी तुम्हाला चहा ओट्यावरच दिला, आत या म्हटलं नाही. का नाही म्हटलं ते तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तुम्ही तो चहा शांतपणे प्यालात. त्याची लाज मला अजून वाटते. तुम्ही बाबांना समजावत होतात, पोरगी हुशार आहे, दोन वर्षांचा प्रश्न आहे. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाई, मी कोठी नाही म्हणतो? इनंच त सांगतलं साऱ्यायसमोर, पहिले घर सांभाळा म्हणून. मले पटलं ते." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर पटलं होतं. आयुष्यात त्यांना कुणाचं भाषण पटलं असेल तर ते माझं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू काय म्हणतं?" मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माझी सगळी डावी पानं बाबांनी बोलून टाकली होती. तुम्ही कप खाली ठेवला आणि म्हणालात, "अर्धंच बोलली वं तू त्या दिवशी. उरलेलं अर्धं मी तुया बदली कसं बोलू?" आणि निघून गेलात. बाई, मला रागावलात त्याचं काही नाही, पण तुमची पाठ दिसत राहते, वळणावरच्या कडुनिंबापर्यंत.

मी पुसदला शिकले, रोज एसटीनं जाऊन-येऊन. नोकरी महागावला लागली, लग्न महागावलाच झालं. वाईट काही झालं नाही. मध्यंतरी आठवडाभरासाठी वर गेलेले दोघंजण यान बिघडल्यामुळं कित्येक महिने तिथंच अडकले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये फार हळहळ चालली होती. एक सर म्हणाले, "कसे राहत असतील वो एवढ्याशा जागेत, रोज तेच तेच चेहरे?" मी वह्या तपासत होते. मला एवढं हसू आलं की लाल शाईचा डाग पडला. आणि मग घरी येऊन भाजी चिरताना मला रडू आलं, ते या दोघांसाठी नव्हतं.

आता आजचं सांगते. परवा मुलीच्या शाळेत स्पर्धा आहे, विषय जवळपास तोच, अंतराळात माणसं पाठवावीत की यंत्रंच पुरेत. आपला एकजण नुकताच जाऊन आला, आपलं स्वतःचं यानही माणसं घेऊन जायच्या तयारीत आहे, त्यामुळं पोरांना फार उत्साह. तिला 'पाठवावीत' ही बाजू आली. सकाळी मी भाकरी थापत होते, ती स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून तुरीची डाळ निवडत बसली आणि म्हणाली, "आई, तू विरोधात बोल. सराव होते माया." मी बोलले. हवा, पाणी, हाडं, परत आणणं, सगळं. तुमच्या उमरखेडच्या मंचावर उभी असल्यासारखं बोलले, तवा तापून धूर निघेपर्यंत. शेवटी टँकर.

तिनं डाळीतून डोकं वर काढलं. "मंग टँकर झाला का बंद? आपल्याकडून इतके वर्षं कोनी नाही गेलं, तरी येऊनच राह्यला न?"

मी म्हटलं, यंत्र सगळं पाहून सांगतं, मग माणूस कशाला?

"मंग तू शाळेत प्रयोग पोरायच्या हातानं काहून करून घेतं? मोबाइलवर दाखवून देत जाय न. पोरायच्या हातचं फुटतेबी, सांडतेबी."

मी भाकरी उलटायची विसरले. बाई, ही उत्तरं साधी होती, नववीतल्या मलाही सुचली असती. परत आणण्याचा मुद्दा तिला खोडता आला नाही, ती म्हणाली, "तो खरा आहे. पन परत आनता येते का हे न पाठवता कसं समजन?" आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की आम्ही दोघी कशाबद्दल बोलतोय हे दोघींनाही कळलं. संमतीपत्राचं नाव कुणीच घेतलं नाही. मग ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "जेवून घेऊ. मंग बाजू बदलू. तू पाठवा म्हन, मी नको म्हनतो. तुया बाईची पद्धत." तुमच्या पद्धतीचं मीच तिला कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती.

ती तुम्हालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी एसटीची घाई नव्हती. बाबा म्हणाले होते, "थांबू न, सहाची गाडी हाय. आयकू तुयं दुसरं भाषनबी." ते दुपारसाठी थांबायला तयार होते, बाई. टोपी घालून पुन्हा मागच्या रांगेत बसायला निघाले होते. मीच त्यांची बाही धरली. मला भीती वाटली, की उजवीकडचं बोलले तर ते मला पटेल, आणि पटलं तर मला जावंसं वाटेल. ते बाबांनाही पटलं असतं कदाचित. त्यांना माझं सगळंच पटायचं. मी त्यांना म्हटलं, नको बाबा, डोकं दुखते माझं, घरी चला.

आत्ता जेवणं झाली आहेत. ती बाहेर खाटेवर बसून माझी वाट बघतेय, दोनदा हाक मारून झाली. पहिल्या हाकेला मी ही वही घेऊन आत आले आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या हाकेला आतूनच सांगितलं, तू कर सराव, माझं डोकं दुखतंय.

डोकं तेव्हाही दुखत नव्हतं, बाई.