गणपतीपुढचा लाल दिवा

जळोची, मंगळवार, मार्च १९९६

आज आलं: पेढे आणि नारळ, भवानीनगरच्या धाकट्या जावेकडून, नव्या मोटारीचे. खर्च शून्य. पेढा काही गोड लागला नाही.

"आक्का, तुमी म्याट्रिक न्हवं का, हे वारंटीचं पुस्तक वाचा की," म्हणाली आणि हसली. वाचलं. बाहेरच्या माणसानं वायर कापली तर वारंटी रद्द. आणि हिचा वायरमन शुक्रवारी मोटारीतल्या गणपतीपुढं लाल दिवा बसवणार. मी तिला हे सांगितलंच नाही. का नाही सांगितलं?

संध्याकाळी देवापाशी निरांजन लावलं, तरी डोळ्यांपुढं तिचाच लाल दिवा. शेवटी तिला कार्ड लिहिलं. शुक्रवारच्या आत पोचू दे, असं देवाला म्हणाले. मनापासून म्हणाले का, ते त्यालाच ठाऊक.

"दिवा कंपनीच्याच गॅरेजात बसवा. थांबवलंत का, उलट टपाली कळवा."